जुना व्हॉल्व्ह रेडिओ पुन्हा बोलता करताना

जुना व्हॉल्व्ह रेडिओ, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारा संच, हाती आला की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघण्याचा, आणि नेमका तोच आवरायचा असतो. देणारा माणूस "बंद केला तेव्हा उत्तम चालत होता" असे सांगत असला आणि ते खरे असले, तरी त्यानंतरच्या काही दशकांत संचातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे भाग) वाळलेले असतात आणि मेणकागदाच्या कपॅसिटरांमधून विजेची गळती सुरू झालेली असते. अशा संचाला एकदम पूर्ण दाबाची वीज मिळाली, तर काही मिनिटांत रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचे डीसी करणारा), आउटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरला जोडणारा) किंवा मुख्य ट्रान्सफॉर्मर (भिंतीतली वीज घेणारा) जळू शकतो. कपॅसिटर आजही नवे मिळतात. त्या संचाच्या मापाचा ट्रान्सफॉर्मर मात्र बहुधा दुसरीकडून काढून आणावा लागतो किंवा नव्याने गुंडाळून घ्यावा लागतो.

म्हणून या छंदात हातातल्या कौशल्याइतकेच महत्त्व कामाच्या क्रमाला आहे. आधी पाहणी, मग थंड संचावरची मोजमापे, मग निवडक भाग बदलणे आणि त्यानंतरच, तीही मर्यादित, वीज. हा क्रम पाळला तर सोल्डरिंगचा बेताचा सराव असलेला माणूसही पहिला संच यशस्वीपणे दुरुस्त करू शकतो.

पहिला संच कोणता निवडावा

नवोदिताने मुख्य ट्रान्सफॉर्मर असलेला, मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह घेणारा साधा टेबल रेडिओ निवडावा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी संचांत सर्व व्हॉल्व्हचे हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारा) एका माळेत जोडून थेट मुख्य विजेवर चालवलेले असतात आणि लोखंडी चासी (सगळे भाग बसवलेला सांगाडा) मुख्य विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर संपूर्ण चासी जिवंत होते, आणि काही संचांत बटण बंद असतानाही ती तशीच राहते. असे संच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (संचाला मुख्य विजेपासून विलग करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) उघड्यावर चालवूच नयेत, आणि पहिल्या कामासाठी तर ते घेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे संच ओळखण्यासाठी व्हॉल्व्हचे क्रमांक उपयोगी पडतात. युरोपीय पद्धतीत ईसीएच ८१, ईएल ८४ अशा नावांतला 'ई' हा हीटर ६.३ व्होल्टचा असल्याचे सांगतो, तर यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ यांतला 'यू' १०० मिलिॲम्पिअरच्या माळेतले व्हॉल्व्ह दाखवतो. अमेरिकी पद्धतीत सुरुवातीचा आकडा हीटरचा अंदाजे व्होल्टेज असतो. १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ५०सी५ आणि ३५डब्ल्यू४ या प्रसिद्ध पाच व्हॉल्व्हच्या संचात ही बेरीज १२० च्या थोडी वर जाते, म्हणजेच माळ थेट ११०-१२० व्होल्टच्या विजेवर चालावी अशीच ती रचना आहे.

केवळ ट्रान्सफॉर्मर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण काही संचांत ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो चासीला मुख्य विजेपासून वेगळे करत नाही. खात्री मोजूनच करावी. प्लग भिंतीतून काढलेला ठेवून संचाचे बटण चालू करावे आणि प्लगच्या प्रत्येक पिनेपासून चासीपर्यंतचा रोध मल्टिमीटरवर पाहावा. दोन्ही पिनांवर तो कित्येक मेगओहम असेल तर चासी विलग आहे. तो काही ओहम किंवा काहीशे ओहमच भरला तर संच बाजूला ठेवावा.

याखेरीज डायलची काच शाबूत आहे का, सगळे नॉब आहेत का आणि एखादा व्हॉल्व्ह गायब नाही ना, एवढे पाहावे. आवाज येत नसणे ही निवडीच्या वेळी चिंतेची बाब नव्हे. फुटलेली काच ही मात्र आहे.

सुरक्षितता

या संचांत २०० ते ३०० व्होल्टचा डीसी दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतो. प्रत्येक वेळी चासीत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा, ४.७ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या तारांना जोडून तो काही सेकंद कपॅसिटरच्या दोन टोकांना धरावा आणि मग मीटरवर दाब शून्याजवळ आला आहे हे पाहावे. स्क्रू-ड्रायव्हरने टोके जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत कपॅसिटर आणि डोळे या दोहोंसाठी वाईट आहे. चालू संचावर मोजताना काळे टोक चिमट्याने चासीला लावून ठेवावे आणि एकाच हाताने काम करावे. अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. घरात दुसरे कोणी असताना काम करावे. घरातला गळतीरोधक ब्रेकर ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या उच्च दाबापासून संरक्षण देत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

काही जुन्या पेट्यांत उष्णता अडवण्यासाठी ॲसबेस्टॉसचा राखाडी-पांढरा पत्रा लावलेला असतो. तो घासू नये, फाडू नये. सेलेनियम रेक्टिफायर असल्यास तो तापून जळताना विषारी, उग्र वासाची वाफ सोडतो. असा वास आला तर वीज बंद करून खोलीबाहेर पडावे.

साधने

चांगला डिजिटल मल्टिमीटर, ४० ते ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न, जुने सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वात, बारीक कटर, लांब नाकाची पक्कड, मऊ ब्रश आणि काँटॅक्ट क्लीनर एवढ्यावर बहुतेक काम होते. यात एक घरगुती साधन जोडावे लागते, ते म्हणजे सिरीज लॅम्प: मुख्य विजेच्या फेज तारेत बसवलेला बल्बचा होल्डर आणि त्यापुढे रेडिओसाठी सॉकेट. त्यात ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब लागतो, एलईडी चालत नाही. सिग्नल जनरेटर शेवटच्या टप्प्यापर्यंत लागत नाही. व्हॉल्व्ह टेस्टर नसला तरी अडत नाही, कारण व्हॉल्व्हची खरी परीक्षा चालू संचातल्या व्होल्टेजवरूनच होते.

पाहणी, नोंदी आणि धूळ

मागचा पुठ्ठा काढल्यावर काहीही हलवण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि कोणता व्हॉल्व्ह कोणत्या सॉकेटात आहे याचा कागदावर आराखडा काढावा. परिपथाचा नकाशा अनेकदा पेटीच्या आत चिकटवलेला असतो. तिथे नसल्यास संचाच्या मॉडेल क्रमांकावरून शोधून मिळवावा. त्यावरची इंटरमीजिएट फ्रीक्वेन्सी (प्रत्येक स्थानकाचा सिग्नल संचात ज्या एका ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आणला जातो ती) टिपून ठेवावी. ती बहुधा ४५५ किलोहर्ट्झ किंवा ४७० च्या आसपास असते आणि शेवटी जुळवणी करताना लागते.

नॉब ओढून निघत नसेल तर त्याच्या बाजूला मेणाने बुजवलेला बारीक स्क्रू आहे का ते आधी पाहावे. चासी बाहेर काढण्यापूर्वी डायलची दोरी कोणत्या चाकावरून किती वेढे घेऊन जाते याचे चित्र काढावे, दोरी शाबूत असली तरीही, कारण ती सुटल्यावर तो मार्ग तर्काने शोधण्यात एखादी संध्याकाळ सहज जाते.

धूळ कोरड्या ब्रशने आणि हलक्या व्हॅक्यूमने काढावी. ट्यूनिंग कपॅसिटरच्या पात्यांमधून फक्त मऊ ब्रश फिरवावा. एखादे पाते किंचित वाकले तरी डायलवरची स्थानके सरकतात. डायलच्या काचेवरची अक्षरे आतल्या बाजूने छापलेली असतात आणि ओल्या फडक्याने ती क्षणात निघून जातात, म्हणून त्या बाजूला पाणी, साबण किंवा थुंकी यांतले काहीही लावू नये. व्हॉल्व्हवरचे क्रमांकही असेच पुसले जातात. काच पुसताना तेवढा भाग सोडावा.

थंड संचावरची मोजमापे

मुख्य ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीचा रोध काही दशक ओहम असावा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक गुंडाळी साधारण २०० ते ६०० ओहम दाखवते; ती तुटलेली असणे हा नेहमी आढळणारा दोष आहे. स्पीकरची कॉइल त्याच्या लिहिलेल्या इम्पिडन्सपेक्षा थोडी कमी भरते. प्रत्येक व्हॉल्व्हचा हीटर जोडलेला आहे का ते तपासावे. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर हवा आत शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह संपला आहे.

यानंतर रेक्टिफायरच्या कॅथोडपासून (जिथून डीसी दाब बाहेर पडतो) चासीपर्यंतचा रोध पाहावा. कपॅसिटर भरत जाताना तो वाढत जाऊन काही दशक किलोओहमच्या वर स्थिरावला पाहिजे. तो काहीशे ओहमवरच थांबला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. मुख्य विजेची जुनी रबरी वायर कडक होऊन तडकलेली असते, ती न तपासता बदलावी. विलग चासीच्या संचाला तीन तारांची वायर लावून चासी अर्थ करावी आणि फेज तारेत फ्यूज घालावा. २३० व्होल्टवर ५० वॅटचा संच पाव ॲम्पिअरहून कमी वीज घेतो, त्याला अर्ध्या ॲम्पिअरचा टाइम-लॅग फ्यूज पुरतो. व्होल्टेज निवडण्याची चकती असल्यास ती आपल्या पुरवठ्यावर आहे याची खात्री करावी.

कपॅसिटर

खरी दुरुस्ती इथे होते. माझा नियम असा की जे मोजमापात सदोष ठरले तेच बदलावे, आणि त्याला अपवाद फक्त दोन जातींचा: मेणकागदाचे कपॅसिटर आणि इलेक्ट्रोलिटिक. हे दोन्ही वयानेच बिघडतात. सिरॅमिक आणि अभ्रकाचे कपॅसिटर सहसा चांगले असतात, आणि ट्यूनिंगच्या भागातले तर उगाच हलवूही नयेत.

सर्वांत आधी बदलायचा तो आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडला, म्हणजे कॅथोडकडून प्लेटकडे जाणारा प्रवाह आवरणाऱ्या जाळीला, जोडणारा कपलिंग कपॅसिटर, साधारण ०.०१ मायक्रोफॅरडचा. त्याच्या एका टोकाला आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचा समजा १०० व्होल्टचा दाब आहे आणि दुसऱ्या टोकाला ग्रिडपासून चासीपर्यंत ०.५ मेगओहमचा रेझिस्टर आहे. कपॅसिटरची गळती २० मेगओहमइतकी, म्हणजे वरवर क्षुल्लक असली, तरी ग्रिडवर सुमारे २.४ व्होल्ट धन दाब येतो. ईएल ८४ सारख्या व्हॉल्व्हला ग्रिड कॅथोडपेक्षा सुमारे ७ व्होल्ट ऋण हवी असते. तिच्यावर धन दाब येताच प्रवाह वाढतो, व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही तापतात आणि आवाज घोगरा होतो. ही गळती साध्या मीटरवर दिसेलच असे नाही, कारण मीटर कपॅसिटरला अवघे काही व्होल्ट देतो आणि संच शंभर. म्हणून मीटरने चांगला ठरवला तरी हा कपॅसिटर बदलावाच.

बदली भाग ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावेत. जुन्या मूल्यांना आजची जवळची मूल्ये चालतात: ०.०५ साठी ०.०४७, ०.०२ साठी ०.०२२. जुन्या नकाशांत 'एमएफडी' म्हणजे मायक्रोफॅरड आणि 'एमएमएफडी' म्हणजे आजचा पिकोफॅरड. या दोहोंत दहा लाख पटींचा फरक असल्याने वाचताना गल्लत होऊ देऊ नये. मुख्य विजेच्या दोन तारांमध्ये असलेला कपॅसिटर एक्स-२ वर्गाचा आणि तारेपासून चासीपर्यंतचा वाय-२ वर्गाचाच असावा. हे दोन वर्ग बिघडले तरी धोकादायक पद्धतीने बिघडू नयेत अशा रीतीने बनवलेले असतात. साधा कपॅसिटर तिथे लावणे चूक आहे.

इलेक्ट्रोलिटिकच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळाव्यात. रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या कपॅसिटरचे मूल्य वाढवू नये: 'मोठा घातला तर गुणगुण कमी होईल' हे खरे असले तरी प्रत्येक व्हॉल्व्ह रेक्टिफायरला मर्यादा असते, ईझेड ८० ला ती ५० मायक्रोफॅरडची आहे, आणि ती ओलांडल्यास व्हॉल्व्ह लवकर संपतो. दाबाची क्षमता ४५० व्होल्ट ठेवावी, कारण बाकीचे व्हॉल्व्ह तापून वीज खेचू लागेपर्यंत दाब नेहमीपेक्षा बराच वर जाऊ शकतो. आणि ऋण टोक चासीलाच असेल असे गृहीत धरू नये. काही संचांत ते ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकाला जाते आणि तिथून एका लहान रेझिस्टरमार्गे चासीला, ज्यावर ग्रिडसाठीचा ऋण दाब तयार होतो.

जुना ॲल्युमिनियमचा डबा चासीवर शोभेसाठी तसाच ठेवून नवे कपॅसिटर खाली लावता येतात, मात्र जुन्याच्या तारा सोडवल्याच पाहिजेत. एका वेळी एकच कपॅसिटर काढावा, त्याच जागी नवा बसवावा, नकाशावर खूण करावी आणि मगच पुढच्याला हात लावावा. सगळे एकदम कापून काढणाऱ्याला नंतर चूक शोधणे जवळपास अशक्य होते.

रेझिस्टर

जुन्या कार्बन रेझिस्टरचे मूल्य वयाबरोबर वाढत जाते, विशेषतः १०० किलोओहमच्या वरच्यांचे. परिपथात जोडलेला असताना मोजल्यास समांतर मार्गांमुळे वाचन खऱ्या मूल्याएवढे किंवा कमीच येते. म्हणून वाचन लिहिलेल्या मूल्यापेक्षा २० टक्क्यांहून अधिक आले, तर तो रेझिस्टर न सोडवताही सदोष ठरतो.

पहिली वीज

प्रथम रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून ठेवावा आणि सिरीज लॅम्पमधून वीज द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला आणि बाकीचे हीटर मंद लालसर झाले, तर ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. बल्ब प्रखरच राहिला तर बंद करून शॉर्ट शोधावा. मग प्लग काढून रेक्टिफायर बसवावा आणि पुन्हा पाहावे. तो तापल्यावर बल्ब किंचित उजळतो, हे अपेक्षितच आहे. सतत उजळत जाणे हे नाही. दहा मिनिटे धूर, करपट वास किंवा कपॅसिटरचे फुगणे असे काही न आढळल्यास थेट वीज द्यावी आणि लगेच मोजमापाला लागावे. एखाद्या व्हॉल्व्हची प्लेट लाल झालेली दिसली तर विचार न करता प्लग काढावा.

पहिले मोजमाप आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडवर. ईएल ८४ ला २५० व्होल्टवर १३५ ओहमचा कॅथोड रेझिस्टर असेल तर तिथे ७.३ व्होल्टच्या आसपास मिळावेत. ७.३ भागिले १३५ म्हणजे ५४ मिलिॲम्पिअर, ज्यातले ४८ प्लेटचे आणि उरलेले स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचे). प्लेटवर ही सुमारे १२ वॅट उष्णता होते आणि तीच या व्हॉल्व्हची कमाल मर्यादा आहे. कॅथोडवर १० व्होल्ट आले तर व्हॉल्व्ह जादा राबतो आहे: ग्रिडवर धन दाब आहे का पाहावे. दोन-तीनच व्होल्ट आले तर व्हॉल्व्ह थकलेला आहे किंवा स्क्रीनला वीज पोहोचत नाही. त्यानंतर नकाशावरच्या प्रत्येक दाबाशी प्रत्यक्ष दाब ताडून पाहावा. १० ते १५ टक्क्यांचा फरक सोडून द्यावा.

आवाजाकडून ॲंटेनाकडे

दोष शोधताना स्पीकरकडून मागे जावे. विलग चासीच्या संचात मोबाइलचा आवाज ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला किंवा मागच्या ग्रामोफोन सॉकेटला द्यावा. तो स्वच्छ ऐकू आला तर अर्धा संच निर्दोष आहे. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर वीज बंद करून त्यात आणि बँड स्विचच्या संपर्कांवर काँटॅक्ट क्लीनरचा एकेक थेंब द्यावा. स्विचच्या पट्ट्यांवर फवारा मारू नये.

ध्वनीचा भाग चालतो पण एकही स्थानक लागत नाही, अशा वेळी ऑसिलेटर (संचातच एक फ्रीक्वेन्सी निर्माण करणारा भाग) चालू आहे का हे दुसऱ्या रेडिओवर कळते. दुरुस्तीचा संच ६०० किलोहर्ट्झवर ठेवावा. त्याची इंटरमीजिएट फ्रीक्वेन्सी ४५५ असेल तर ऑसिलेटर १०५५ वर चालतो. शेजारी दुसरा रेडिओ १०५५ च्या आसपास लावून पहिल्याचा काटा हळूहळू हलवला, की दुसऱ्यातली खरखर एका जागी दबते किंवा शिट्टी ऐकू येते. काहीच ऐकू आले नाही तर कन्व्हर्टर व्हॉल्व्ह (स्थानकाचा सिग्नल इंटरमीजिएट फ्रीक्वेन्सीवर आणणारा) आणि बँड स्विच तपासावेत. स्थानके ऐकण्यासाठी काही मीटर लांबीची तार ॲंटेना म्हणून पुरते. रात्री मीडियम वेव्हवर दूरची स्थानके अधिक लागतात, त्यामुळे दुपारच्या शांततेवरून संचाची परीक्षा करू नये.

जुळवणी

इंटरमीजिएट ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सैल दिसले म्हणून आवळण्याची इच्छा होते. ते स्क्रू म्हणजे जुळवणी आहे, त्यांना शेवटपर्यंत हात लावू नये, आणि संच नीट वाजत असेल तर तेव्हाही नाही. गरज असेलच तर सिग्नल जनरेटर, प्लॅस्टिकचे जुळवणीचे साधन आणि संयम हवा. नकाशावरची फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टरच्या ग्रिडला कपॅसिटरमधून द्यावी, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून सिग्नल ऐकू येईल इतकाच क्षीण ठेवावा, कारण तीव्र सिग्नलवर संचाचा स्वयंचलित नियंत्रक शिखर लपवतो. शेवटच्या ट्रान्सफॉर्मरपासून सुरुवात करून मागे यावे. मग ६०० किलोहर्ट्झजवळ ऑसिलेटरचा गाभा किंवा पॅडर आणि १४०० ते १५०० जवळ ट्रिमर (पॅडर व ट्रिमर हे जुळवणीचे लहान कपॅसिटर) अशी डायलची दोन टोके आलटून-पालटून जुळवावीत. एक हलवले की दुसरे थोडे सरकते, म्हणून दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. घट्ट बसलेला फेराइटचा गाभा जोर लावल्यास चिरतो. तो थोडी ऊब देऊन सुटला नाही तर तसाच राहू द्यावा.

पेटी

लाकडी पेटीवरचा मूळ लेप शक्यतो वाचवावा. किंचित ओलसर फडके, न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी चाचणी, मग मेण, इतके बहुधा पुरेसे असते. खरवडून नवे पॉलिश हा शेवटचा उपाय आहे. बेकेलाइट सौम्य साबणाने पुसून पॉलिश करावे पण पॉलिश पेपरने घासू नये, कारण वरचा चकचकीत थर एकदा गेला की आतला भुसकट भराव उघडा पडतो. स्पीकरच्या कोनाची लहान फट पातळ टिश्यू कागद आणि पाणी घातलेला पांढरा गोंद यांनी भरते. जाळीचे कापड धुतल्यास आकसू शकते.

चासी पेटीत बसवल्यावर संच प्रथम अर्धा तास, मग दोन तास चालवावा आणि प्रत्येक वेळेनंतर कॅथोडचा दाब पुन्हा मोजावा, कारण काही दोष तापल्यावरच दिसतात. मागचा भोके असलेला पुठ्ठा लावल्याशिवाय संच वापरात आणू नये आणि घरात कोणी नसताना तो चालू ठेवू नये. बदललेल्या प्रत्येक भागाची जागा, जुने व नवे मूल्य आणि तारीख लिहिलेला कागद, तसेच मोजलेल्या दाबांचा तक्ता पेटीच्या आत चिकटवावा. काढलेले भाग पिशवीत घालून सोबत ठेवावेत, म्हणजे पुढे ज्याच्या हाती हा संच जाईल त्याला नव्याने सुरुवात करावी लागणार नाही.